गुहागर–विजापूर रस्त्याच्या पश्चिम टोकाला: कराडहून एका दिवसात समुद्रकाठची पायपीट

जत, विटा, कराड, पाटण या गावांतून जाणारा रस्ता आपण रोज वापरतो आणि सवयीने त्याला गुहागर–विजापूर रस्ता म्हणतो. सरकारी नोंदीत तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई. कराड सोडून पश्चिमेला निघालं की हाच रस्ता पाटण, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरतो, चिपळूण ओलांडतो आणि गुहागरला जाऊन संपतो. सातारा–सांगलीच्या माणसाला समुद्र गाठायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. आपल्याच रस्त्यावर शेवटपर्यंत जायचं.

आपल्याकडचे बहुतेक जण गुहागरला जातात तेव्हा गाडी लावतात, वाळूत शंभर पावलं चालतात, फोटो काढतात, मासे खातात आणि परततात. मला कळकळीने सांगायचंय ते हे, की गुहागर हा बसून पाहायचा किनारा नाही, तो चालायचा आहे. पाच-सहा किलोमीटर जवळजवळ सरळ, सपाट, पांढुरक्या वाळूची पट्टी आहे. एका बाजूला सुरूचं बन आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला पाणी. गर्दी असते ती मुख्य चौपाटीच्या आसपास. तिथून दक्षिणेला अर्धा तास चाललं की सुट्टीच्या दिवशीही किनारा मोकळा मिळतो. दक्षिण टोकाला असगोली हे मासेमारांचं गाव आहे. गुहागर ते असगोली ही चाल एका दिवसाच्या सहलीत आरामात बसते. अट एकच: दिवस आणि वेळ पाण्याकडे पाहून ठरवायची.

तारीख ठरवताना तिथी पाहा

आपण घाटावरची माणसं सहल ठरवताना रविवार पाहतो, पाऊस पाहतो, गाडी रिकामी आहे का ते पाहतो. भरती-ओहोटी कुणी पाहत नाही. वाळूत चालायचं असेल तर सगळ्यात आधी तीच पाहावी लागते. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि ओल्या, घट्ट वाळूचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यावर डांबरी रस्त्याइतकं सहज चालता येतं. पूर्ण भरतीला हा पट्टा पाण्याखाली जातो आणि उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय घोट्यापर्यंत रुततो, एका किलोमीटरला दोन किलोमीटरचा दम लागतो आणि दुपारी ती तापलेली असते.

भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे. घरातली दिनदर्शिका त्याला पुरते. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. ओहोटी तिच्यापासून साधारण सहा तासांवर, म्हणजे पावणेदहाच्या आसपास. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात आणि रोज भरती पाऊण-एक तासाने पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावाच लागतो. नक्की वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं तयार वेळापत्रक मोबाइलवर मिळतं; त्यात गुहागर नसेल तर दाभोळ किंवा रत्नागिरीची वेळ धरा.

आता हे आपल्या सहलीला लावून पाहू. कराडहून पहाटे निघालेला माणूस नऊच्या आसपास वाळूवर पाय ठेवतो आणि बारा-साडेबाराला त्याला जेवायचं असतं. म्हणजे ओहोटी बारा ते दीडच्या दरम्यान आली तर सगळ्यात उत्तम, कारण चालण्याच्या सगळ्या वेळात पाणी मागेच जात राहतं. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. नवमीला ओहोटी पाऊणच्या पुढेमागे, दशमीला दीडच्या. अष्टमी, नवमी, दशमी हे तीन दिवस मी पहिल्या पसंतीचे मानतो. सप्तमीही चालते. षष्ठीला ओहोटी साडेदहालाच येते, तिथून पाणी पुन्हा चढू लागतं. जायला हरकत नाही, पण पोचायला उशीर झाला तर चाल अर्ध्यावर आणावी.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास मात्र भरती अकरा ते पाऊणच्या दरम्यान येते, आणि ती उधाणाची असते. चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी नेहमीपेक्षा जास्त वर चढतं आणि जास्त खाली उतरतं. त्या दिवशी नऊ वाजता पोचलात तर पाणी तुमच्या समोर चढत असेल. अशा तारखेला एका दिवसात परतायचा हट्ट सोडून मुक्काम करावा आणि दुपारी तीननंतर चालावं, तेव्हा किनारा अफाट रुंद होतो. अष्टमीच्या आसपासच्या भरतीला भांगाची भरती म्हणतात. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्यामुळे वाळूचा पट्टा उधाणाच्या ओहोटीइतका रुंद मिळणार नाही, तरी चालायला तो भरपूर होतो.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचा उकाडा कोकणात फार जाच करतो. मार्च-एप्रिलमध्ये जायचं तर साडेदहानंतर वाळूत थांबू नये. जून ते सप्टेंबर समुद्रकाठची चाल नको. खवळलेला समुद्र हे एक कारण आणि घाट हे दुसरं. पावसाळ्यात कुंभार्लीत दरडी कोसळतात आणि धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. दिवाळीची सुट्टी आणि ३१ डिसेंबरचा आठवडाही टाळलेला बरा.

निघायच्या आदल्या दिवशी आणखी एक गोष्ट पाहा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था समुद्राच्या स्थितीचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. वारा आपल्याकडे शांत असतानाही दूरच्या वादळामुळे किनाऱ्यावर मोठ्या लाटा येऊ शकतात. इशारा असेल तर सहल पुढे ढकला.

कधी निघायचं, कसं जायचं

कराडपासून गुहागर साधारण १४५ किलोमीटर आहे. अंतर कमी वाटतं, पण घाट आणि वळणं धरून चार तास लागतात. पहाटे चारला निघा. पाचच्या सुमारास पाटण, साडेपाचला कोयनानगरजवळ हेळवाक, मग घाट. हिवाळ्यात घाटमाथ्यावर पोचेपर्यंत झुंजूमुंजू होतं आणि उतरण उजेडात होते. साडेसात-आठपर्यंत चिपळूणला पोचून नाश्ता करा. बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्ग लागतो. पुढे रामपूर, मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर करत गुहागर. शृंगारतळी ही शेवटची मोठी बाजारपेठ. पाणी, फळं, औषधं राहिली असतील तर इथे घ्या.

सातारकरांनी पुण्या-बंगळूर महामार्गाने उंब्रजपर्यंत यावं आणि तिथून मल्हारपेठमार्गे पाटणला लागावं. त्यांनी साडेतीनला निघालेलं चांगलं. विटेकरांना कराडपर्यंतचा एक तास वाढतो. सांगलीकरांना स्पष्टच सांगतो: सांगलीहून इस्लामपूर–कराड करत जाणं-येणं धरलं तर अकरा-बारा तास गाडीतच जातात. चालवणारे दोघे असतील तरच एका दिवसात करा. नाहीतर आदल्या रात्री कराडला पाहुण्यांकडे मुक्काम टाका आणि तिथून पहाटे निघा.

हेळवाकला चहाला थांबाल तेव्हा मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पूर्वेला जाते, हे त्यांना शाळेत शिकवलेलं असतं. पण धरणाने अडवलेल्या पाण्यातला मोठा हिस्सा सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडला जातो. वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी असं वळवायला कृष्णा पाणी तंटा लवादाने मुभा दिलेली आहे. घाटाच्या पायथ्याशी पोफळीला या पाण्यावर वीज तयार होते, मग ते वाशिष्ठी नदीत जातं, चिपळूणवरून वाहतं आणि दाभोळ–अंजनवेलच्या खाडीतून समुद्राला मिळतं. अंजनवेल हे गुहागरच्या उत्तरेला लागूनच आहे. तुम्ही ज्या वाटेने समुद्राकडे निघालात, त्याच वाटेने तुमच्या कोयनेचं पाणीही जातं. चिपळूणला पूल ओलांडताना खाली पाहा. मुलं ते पाणी ओळखीचं असल्यासारखं बघतात.

घाटाबद्दल थोडं. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि शेवटच्या वळणांवर पकड कमी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. मालाचे ट्रक बरेच असतात, त्यांना वळणावर ओलांडायला जाऊ नका. ज्यांना गाडी लागते त्यांनी पहाटे दूध पिऊन निघू नये. कोरडी भाकरी किंवा खारी बिस्किटं खावीत आणि पुढच्या सीटवर बसावं.

एसटीने जायचं तर कराड–पाटणहून चिपळूणच्या गाड्या आहेत आणि चिपळूणहून गुहागरला दिवसभर गाड्या सुटतात. गुहागर स्टँडवर उतरलं की समुद्र चालत काही मिनिटांवर आहे, ही या गावाची मोठी सोय. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास, त्यामुळे घरातल्या बायका आणि वयस्कर मंडळींची सहल स्वस्तात होते. अडचण वेळेची. गाडी बदलण्यात तास-दीड तास जातो आणि परतीची गाडी चुकली तर रात्र चिपळूणच्या स्टँडवर काढावी लागते. म्हणून आदल्या आठवड्यात कराडच्या चौकशी खिडकीवर पहाटेच्या आणि चिपळूणहून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून लिहून घ्या.

पिशवीत काय

माणशी दोन-अडीच लिटर पाणी. हे वजन नकोसं वाटतं, पण वाळूत मधे दुकान नाही. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. सोबत लिंबू, मीठ, साखर किंवा ओआरएसची पुडी. डोक्याला कान झाकणारी टोपी किंवा आपला पांढरा पटका. बायकांनी सुती ओढणी. अंगात पूर्ण बाह्यांचं सुती कापड, कारण वाळू आणि पाणी दोन्हींवरून ऊन परततं आणि सावलीतला चेहराही भाजतो. जीन्स नको. एकदा भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या खरचटतात.

पायात पट्ट्याची, टाच पकडणारी सँडल. घट्ट ओल्या वाळूत अनवाणी चालण्याचं सुख मोठं आहे, ते घ्याच. पण आपले पाय बुटांना सरावलेले असतात. पाच किलोमीटर अनवाणी चाललं की ओली वाळू तळव्याची कातडी घासून काढते. पहिला किलोमीटर अनवाणी, मग सँडल, शेवटी पुन्हा अनवाणी, असं केलं की पाय टिकतात. बूट-मोजे गाडीत ठेवा.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्याने दुपारपर्यंत मऊ राहतात. मोबाइल, पाकीट आणि गाडीची चावी प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत. गाडीची चावी भिजली तर आजकालच्या गाड्या सुरू होत नाहीत. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी, आणि बदलायचे कपडे गाडीत.

प्रत्यक्ष चाल

गाडी गावात किंवा चौपाटीजवळ ठरलेल्या जागी लावा. वाळूवर गाडी नेऊ नका. ओली वाळू वरून कडक दिसते, चाक थांबलं की खाली बसते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय याच वाळूत कासवं अंडी घालतात, त्याबद्दल पुढे लिहितो.

स्टँडवरच्या रिक्षावाल्याशी आधीच बोलून ठेवा. साडेबाराच्या सुमारास असगोलीत न्यायला या म्हणून सांगा, नंबर घ्या, भाडं ठरवा. चाल एकाच दिशेने करायची आणि परत रिक्षाने यायचं, हे मी आग्रहाने सुचवतो. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे असतात, ते मंद असतात. ऊन चढलं की समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि या किनाऱ्यावर ते बहुधा वायव्येकडून येतात. दक्षिणेला असगोलीकडे चालताना ते पाठीवर असतात. त्याच वाळूतून उत्तरेला परतायचं ठरवलं तर भर दुपारी तोंडावर वारा आणि उडती वाळू घेऊन चालावं लागतं.

सुरूच्या बनातून वाळूवर उतरलात की आधी मागे वळून पाहा. किनारा सरळ आहे, त्यामुळे हरवायची भीती नाही, पण समुद्राकडून सगळं सुरूचं बन एकसारखं दिसतं. तुमची वाट कोणत्या छपराजवळ, कोणत्या फलकाजवळ उघडते ते लक्षात ठेवा, फोटो काढून ठेवा. गटातलं कुणी मध्येच परत फिरलं तर ही खूण उपयोगी पडते.

मग पाण्याच्या दिशेने चालत जा आणि वाळू पायाखाली कडक लागेल तिथे थांबा. लाटेने नुकतीच भिजवून सोडलेली, चमक ओसरलेली वाळू सगळ्यात घट्ट असते. त्याहून खाली गेलात तर पाय रुततो, वर गेलात तरी रुततो. हा पट्टा पाण्यासोबत सरकत राहतो, तुम्हीही सरका. किनाऱ्याला समुद्राकडे थोडा उतार असतो. सतत एकाच बाजूने चाललं की खालच्या पायाच्या गुडघ्यावर आणि कमरेवर ताण येतो. गुडघेदुखी असलेल्यांनी शक्य तितका सपाट भाग निवडावा आणि मधून मधून थांबावं. पावलं लहान टाका. वाळूत लांब ढांगा टाकल्या की पोटऱ्या भरून येतात.

वेग मनातून काढून टाका. पाच किलोमीटरला तीन तास धरले आहेत ते बघण्यासाठी. ओहोटीच्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मध्ये एक भोक आणि भोवती किरणांसारख्या ओळी. छोटे खेकडे वाळूतलं अन्न चाळून खातात आणि उरलेली वाळू गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळी नक्षी पुसली जाते आणि ओहोटीला पुन्हा उमटते. एका जागी न हलता दोन-तीन मिनिटं बसलात तर ते बाहेर येतात. मुलांसोबत हा खेळ करून पाहा. हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला बसलेले असतात, सुरय पाण्यावर सूर मारतात, तुतवार आणि चिखल्या लाटेच्या पुढेमागे पळत असतात. हे पाहुणे हजारो किलोमीटर उडून येतात. त्यांना विश्रांतीची गरज असते. थवा उडवून फोटो काढायचा मोह मुलांना आणि मोठ्यांनाही आवरायला सांगा.

वाटेत गावाकडून येणारे ओहोळ समुद्राला मिळतात. ओहोटीला ते पायाचा घोटा भिजेल इतके असतात, पाणी चढलं की खोल होतात आणि तळाची वाळू मऊ होते. काठी टेकत, रुंद पसरलेल्या जागी ओलांडा. अरुंद जागा सोपी वाटते, पण पाणी तिथेच खोल असतं.

असगोली जवळ आली की वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी दिसू लागतात. हे लोकांचं कामाचं ठिकाण आहे. पसरलेल्या जाळ्यावरून चालू नका, होडीत मुलांना बसवू नका, फोटो काढण्याआधी विचारा. रापण ओढणं चालू असेल तर बाजूला उभं राहून पाहा. दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढत जाळं किनाऱ्याला आणतात आणि सगळं गाव गोळा होतं. टोकाला कातळ आहे. त्यावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कवच्यांच्या धारा असतात. सँडल घातल्याशिवाय चढू नका आणि पाणी चढायला लागलं असेल तर चढूच नका.

कासवं

गुहागरचा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीसाठी महाराष्ट्रात महत्त्वाचा मानला जातो. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात माद्या रात्री वाळूत येतात, खड्डा करून शंभरच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. कुत्री-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी वन विभाग आणि गावातले कासवमित्र ही अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये इथल्या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रं बसवली होती. त्यांची नावं बागेश्री आणि गुहा. बागेश्री दक्षिणेला गेली, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. आपण ज्या वाळूवर चालतो आहोत, तिथून निघालेला जीव एवढा प्रवास करतो!

विणीच्या काळात पहाटे वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी रुंद वळ्यांची खूण दिसली तर ती मादीची वाट असू शकते. तिच्यावरून चालू नका, टोकाशी उकरून पाहू नका, दिसलेल्या स्थानिकाला सांगा. कुंपणाच्या आत हात घालायचा नाही. फेब्रुवारीनंतर गेलात तर पिल्लं सोडण्याची वेळ गावात विचारा. बहुधा ती सकाळी लवकर आणि संध्याकाळी असते. एका दिवसाच्या सहलीत ती जमेलच असं नाही. खास त्यासाठी जायचं तर मुक्कामी जावं.

पाण्यात उतरताना

कोकणच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांत घाटावरून गेलेली तरुण मुलं वारंवार असतात, हे वर्तमानपत्रात वाचून मन विषण्ण होतं. कृष्णेच्या डोहात, विहिरीत पोहणाऱ्या पोराला वाटतं की मला पोहता येतं. नदीचं पाणी एका दिशेला नेतं. समुद्राचं पाणी लाटेने किनाऱ्याला येतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत समुद्रात जातं. हा परतीचा प्रवाह माणसाला ओढून नेतो. तो ओळखायची खूण अशी: दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधला पट्टा शांत, थोडा गढूळ दिसतो. पोहायला सोपी म्हणून लोक नेमकी तीच जागा निवडतात.

माझा सल्ला सरळ आहे: गुडघ्यापर्यंतच, तेही मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, आणि पाणी उतरत असताना आणखी जपून. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे जोर लावून दम घालवू नका. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहा. प्रवाहाचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच तुम्हाला आणतात. पोहता येत नसेल तर तरंगत राहा आणि हात वर करा. दुसऱ्याला वाचवायला उडी टाकू नका, दोर, रिकामा कॅन, काहीही तरंगणारं फेका आणि ११२ ला फोन लावा.

उथळ पाण्यात पाखट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, वाळूखाली बसलेली असते. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाललं की ती आधीच सरकून जाते. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिश वाळूवर मेलेली दिसली तरी हात लावू नका. तिचा स्पर्श झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका.

जेवण आणि परतीची वेळ

गुहागरात घरगुती खाणावळी बऱ्याच आहेत. तिथे माणसं मोजून रांधतात, म्हणून सकाळी चालायला लागण्याआधीच फोन करून किती ताटं, शाकाहारी किती, मासे कोणते ते सांगा. बांगडा, सुरमई मिळते; न खाणाऱ्यांसाठी वालाचं बिरडं, अळूचं फदफदं किंवा काळ्या वाटाण्याची उसळ कधी कधी असते, ती विचारून घ्या. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आधीच सांगावं लागतं. उन्हातून आल्यावर गार पाण्याआधी सोलकढी घ्या.

जेवणानंतर व्याडेश्वराच्या देवळात अर्धा तास बसा. अनेक चित्पावन घराण्यांचं हे कुलदैवत. देऊळ गावातच आहे, आवार थंड आणि शांत. वरचा पाट या भागातलं दुर्गादेवीचं देऊळही जवळ आहे. वेळणेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश, बामणघळ, अंजनवेलचा गोपाळगड ही नावं ऐकून सगळं एकाच दिवसात बसवायचा मोह होतो. बसवू नका. बामणघळ ही समुद्रकाठच्या कातळातली अरुंद भेग; तिच्यात पाणी उसळतं ते भरतीला, आणि तुम्ही आला आहात ओहोटी पाहून. ती दुसरी सहल आहे.

सूर्यास्ताचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तो पाहून निघालात तर घाट रात्री साडेआठ-नऊला चढायचा, पहाटे तीनला उठलेल्या चालकाने. जेवणानंतर एक तास झोपलेला दुसरा चालक गाडीत असेल तर थांबा. एकच चालक असेल तर साडेतीनला गुहागर सोडा. घाटमाथा दिवेलागणीला लागतो. मी दर वेळी दुसराच पर्याय निवडतो.

निघण्याआधी पाय आणि सँडल गोड्या पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यातली वाळू काढा, नाहीतर रात्री घरी पोचेपर्यंत कातडी लाल होते. आमसुलं, कोकम आगळ, कुळथाचं पीठ घ्यायचं तर गुहागरच्या बाजारात किंवा शृंगारतळीला घ्या. आगळाची बाटली गाडीत उभी ठेवा, घाटाच्या वळणांवर झाकणं सुटतात. चिपळूणला इंधन भरून घ्या. घाटात चढताना एसी बंद ठेवला तर जुन्या गाडीचं इंजिन तापत नाही. हेळवाकला दहा मिनिटं थांबून चालकाला चहा द्या. पाटणपासून पुढे रस्ता सरळ आहे पण ऊसवाहतुकीच्या दिवसांत बैलगाड्या आणि मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात, तेवढा भाग सावकाश चालवा. आठ-साडेआठला कराड. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा खालचा भाग पाण्याने धुऊन टाका. खारी हवा आणि वाळू लोखंडाला लगेच धरते.